सस्पेन्शन लिफ्टची उंची (मोजणी आणि हिशोब)

गाडीची बॉडी आणि चेसिस (खालचा सांगाडा) ॲक्सलपासून (चाकांच्या आसापासून) मूळ उंचीपेक्षा जितकी वर गेली, तितकी सस्पेन्शन लिफ्टची उंची. ॲक्सलपासून मोजायची, जमिनीपासून नाही, आणि बहुतेक घोळ इथंच होतो. कोकणात सड्यावरचा जांभा, चिऱ्याच्या खाणीकडे जाणारे रस्ते आणि पावसातला लाल चिखल यामुळे जिप्सी, थार, जुन्या जीपा उचलून घेतल्या जातात, ते सगळ्यांना माहीतच आहे. बॉडी लिफ्ट हा वेगळा प्रकार, त्यात चेसिस जागेवरच राहते आणि बॉडीखाली गुटके येतात, इथं तो मोजलेला नाही.

कमानपाट्यांचं (जीप-जिप्सीत स्प्रिंगचं काम करणाऱ्या वाकवलेल्या पोलादी पाट्यांच्या थप्पीचं, लीफ स्प्रिंगचं) मूळ घोडागाडीत. लंडनच्या ओबाडाया इलियटचं लंबगोल पाट्यांचं पेटंट साधारण १८०४ चं धरतात, काही जण १८०५ म्हणतात, पण त्याआधीही पोलादी पाटे वापरात होते त्यामुळे ‘शोध’ म्हणण्यापेक्षा ‘सुधारणा’ म्हणणं जास्त बरोबर. आपल्याकडे विलीस जीपची जुळणी महिंद्रांनी सुरू केली ती कुणी १९४७ ला नेतं कुणी १९४९ ला, बहुधा करार आधीचा आणि प्रत्यक्ष गाड्या नंतरच्या. आपल्या हिशोबाला महत्त्वाचं एवढंच की त्या घराण्यातल्या जीपा आणि १९८५ ची जिप्सी, दोन्हींचे पाटे ॲक्सलच्या खालून जातात.

मोजायचं कुठून यावर तीन मतं आहेत. पहिलं, जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत. दुसरं, जमिनीपासून चेसिसपर्यंत. तिसरं, हबच्या (चाकाच्या तुंब्याच्या) मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत. पहिल्या दोन्हीत टायर मिसळतो, म्हणजे २१५/७५ आर १५ काढून २३५/७५ आर १५ टाकले की कागदावरच्या मापाने गाडी १५ मिमी वर जाते आणि सस्पेन्शनचा एक नटही हललेला नसतो. तिसऱ्यात टायर, हवा काही येत नाही, म्हणून तेच धरावं. अट एकच, काम सुरू करायच्या आधीचं माप लिहून ठेवलेलं पाहिजे आणि तेच लोक विसरतात.

माप सपाट काँक्रीटवर घ्यायचं, सारवलेल्या खळ्यात नको, ते डोळ्याला सपाट दिसतं पण नसतं. जॅकवरून उतरवलेली गाडी आधी पुढे-मागे ढकलून, दाबून बसवायची, नाहीतर इंडिपेंडंट सस्पेन्शनमध्ये (जिथं प्रत्येक चाक स्वतंत्र वरखाली होतं) चाकं आत ओढलेली राहतात आणि उंची खोटी जास्त येते. चारही चाकं वेगळी मोजायची. गॅरेजात हे सुतात चालतं, ८ सूत म्हणजे १ इंच. आधी १९ इंच २ सूत, नंतर २१ इंच ५ सूत, तर लिफ्ट २ इंच ३ सूत, म्हणजे ६० मिमी.

लिफ्ट किटच्या खोक्यावर २ इंच लिहिलेलं आणि आले ३, असं जुन्या जिप्सीत सहज होतं, कारण दमलेले पाटे आधीच इंचभर बसलेले असतात. मग खरी लिफ्ट कुठली? काही जण कंपनीच्या नव्या गाडीशी तुलना करतात, काही आजच्या मापाशी. शॉकपची (शॉक ॲब्सॉर्बरची) लांबी, ब्रेकचा पाइप आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन नव्या गाडीच्या मापावर ठरलेला असतो, त्यामुळे पहिलं मत जास्त पटतं.

आधीच अंदाज काढायचा तर प्रकारानुसार गणित बदलतं. ॲक्सल आणि पाट्याच्या मधला ठोकळा जितका जाड तितकीच लिफ्ट (हा फक्त मागे, पुढे कधीच नको). शॅकल (पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणारी हलती कडी) ५० मिमी लांब केली तर लिफ्ट साधारण २५ च, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं आणि ॲक्सल मध्यावर असतो, शिवाय पुढे कॅस्टरचा कोन (स्टिअरिंगच्या वळण्याच्या आसाचा पुढे-मागे कल) बिघडतो. पाटे ॲक्सलच्या वर घेतले तर ॲक्सलच्या नळीची जाडी अधिक पाट्यांच्या थप्पीची जाडी, जिप्सीत हे पाचेक इंचांच्या घरात जातं.

२०२० नंतरच्या थारसारख्या पुढच्या डबल विशबोनमध्ये (चाक वर-खाली दोन आडव्या हातांवर धरलेलं असतं) लोक फसतात. तिथं स्प्रिंग चाकापाशी नसून हाताच्या मध्येच कुठेतरी बसते, त्यामुळे स्पेसरच्या (उंची वाढवायला घातलेल्या चकतीच्या) जाडीला मोशन रेशोने (चाक १ मिमी हललं तर स्प्रिंग किती हलते त्याने) भागायचं. रेशो ०.६ असेल तर २५ मिमीचा स्पेसर चाकाला सुमारे ४२ मिमी देतो. स्पेसर स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकपच्या एकत्र जोडीच्या) डोक्यावर ठेवा की स्प्रिंग दाबणारा आत घाला, लिफ्ट तेवढीच. फरक असा की आतला स्पेसर चाकाचं खाली लटकणं खातो आणि डोक्यावरचा बॉल जॉइंट, ड्राइव्ह शाफ्टला जास्त कोनात नेतो. २०१० च्या थारला पुढे टॉर्शन बार (पिळल्यावर स्प्रिंगचं काम करणारे दांडे) होते, तिथं बोल्ट पिळून उंची वाढते पण नवा स्प्रिंग येत नाही.

भार विसरू नये. मागच्या दोन्ही स्प्रिंगांचा मिळून रेट मिमीला ५० न्यूटन धरला आणि ॲक्सलवर १५० किलो आंब्याच्या पेट्या पडल्या तर मागची बाजू जवळजवळ ३० मिमी बसते, दोन इंचातला अर्ध्याहून जास्त भाग गेला.

लिफ्ट आणि ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या सर्वात खालच्या भागापर्यंतची जागा) एक नव्हे. सलग ॲक्सलच्या गाडीत डिफरन्शियलचा गोळा लिफ्टने एक सूतही वर जात नाही, तो फक्त टायरने जातो. पोटाखालची जागा मात्र वाढते आणि दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीवर, ओहोटीला रॅम्पचा कोन तीव्र झाला की तीच कामाला येते. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २४५० मिमी आणि मध्यावर पोटाखाली २५० मिमी असेल तर ब्रेकओव्हर कोन (पोट न घासता पार करता येणाऱ्या उंचवट्याचा कोन) सुमारे २३ अंश, ५० मिमी वाढवले की साडेसत्तावीस.

खाऱ्या हवेत यू-बोल्ट आणि बुश लवकर जातात. मडगार्डची कड गंजून खाल्लेली असेल तर माप चेसिसवरच्या एखाद्या खुणेपासून घ्यावं.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच कडकपणे सांगितलं.