स्वेतलाना : कवितेतलं नाव जन्मनोंदीत कसं आलं

स्वेतलाना हे नाव ऐकायला अस्सल, जुनं रशियन वाटतं. प्रत्यक्षात ते कवींनी घडवलेलं आहे. अलेक्सान्द्र वोस्तोकोव यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते आपल्या एका काव्यात वापरलं. पुढे वासिली झुकोव्स्की यांचं ‘स्वेतलाना’ हे कथाकाव्य १८१३ साली छापून आलं आणि नाव वाचकांच्या तोंडी बसलं. त्या काव्यात सणाच्या आदल्या रात्री मुली पायातला जोडा काढून फाटकाबाहेर फेकतात, भविष्य पाहतात. नायिका मेणबत्ती लावून आरशासमोर बसते. मुलींना हे सगळं भलतंच आवडलं.

तरीही ते नाव मुलींना ठेवता येत नव्हतं. जन्माची नोंद चर्चच्या दप्तरात व्हायची आणि बारशाचं नाव संतांच्या पंचांगातूनच निवडावं लागे. स्वेतलाना नावाची संत त्या पंचांगात नव्हती. जवळचं नाव फोतिना. मूळ ग्रीक, अर्थ तोच, प्रकाशाचा. तिचा दिवस आजच्या कॅलेंडरनुसार २ एप्रिल. पण फोतिनाला कवितेची मोहिनी कुठून येणार? त्यामुळे गंमत अशी झाली की रशियन आरमारातल्या जहाजांना हे नाव मिळालं, मुलींना नाही. ‘स्वेतलाना’ नावाची क्रूझर १९०५ साली त्सुशिमाच्या लढाईत बुडाली.

क्रांतीनंतर जन्मनोंदणी चर्चकडून सरकारी कचेरीकडे गेली आणि बंधन सुटलं. मग नव्या नावांचा पूर आला. ‘लेनिन’ उलटं लिहून ‘निनेल’, ऑक्टोबर क्रांतीवरून ‘ओक्त्याब्रिना’. यातली बरीचशी ओसरली. स्वेतलाना टिकली, कारण ती घोषणेसारखी वाटत नव्हती. कानाला ते ल्युद्मिला, तात्याना यांच्याच पंगतीतलं नाव. स्टालिन यांच्या मुलीचं नाव स्वेतलाना (जन्म १९२६), म्हणून ते पसरलं असं सरसकट सांगतात. तेवढंच कारण मानणं मला पटत नाही: नावाची खरी भरती युद्धानंतरच्या दशकांतली आहे.

त्याच पिढीतल्या स्वेतलाना येवगेन्येव्ना साविट्स्काया. जन्म १९४८. मधलं नाव वडिलांच्या येवगेनी या नावावरून. २५ जुलै १९८४ रोजी त्यांनी सॅल्यूत-७ स्थानकाबाहेर अंतराळात काम केलं. असं करणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्याच स्थानकावर त्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा राहून आले होते.

नावाची लोकप्रियता मोजताना हमखास घोळ होतो तो इथे. आज रशियात स्वेतलाना पुष्कळ भेटतात, पण त्या बहुतेक प्रौढ. नवजात मुलींत सोफिया, मारिया, आन्ना पुढे आहेत. जिवंत माणसांची यादी मोजली की जुनी लाटच पुन्हा दिसते. म्हणून एकेका वर्षाच्या जन्मनोंदी घ्यायच्या, त्या वर्षी जन्मलेल्या दर हजार मुलींमागे किती स्वेतलाना ते काढायचं, आणि शहर व खेडं वेगळं ठेवायचं. नामअभ्यासक व्लादिमिर निकोनोव यांनी रशियन नावांची अशी प्रदेशवार तुलना केली होती. आकडे नुसते मोजून तुलना केली, तर जन्म घटले म्हणूनही नाव ‘उतरलेलं’ भासतं.

शिवाय लिपीचे खाचखळगे. युक्रेनीत तेच नाव स्वित्लाना, बेलारुसीत स्व्यात्लाना. नुसतं रशियन स्पेलिंग शोधलं तर या गळतात. ‘स्वेता’ हे घरगुती रूप, सहसा कागदोपत्री येत नाही. ‘लाना’ मात्र हल्ली स्वतंत्र नाव म्हणूनही नोंदवतात, तेव्हा ते स्वेतलानात धरायचं की नाही, हे मोजणी सुरू करण्याआधीच ठरवावं लागतं.