चेसिस ग्रीस की बेअरिंग ग्रीस: ट्रॉलीच्या चाकात काय भरायचं?

गळीत हंगाम जवळ आला की ऊसपट्ट्यात ट्रॉल्यांची चाकं खोलायला सुरुवात होते. दुकानात जाऊन नुसतं "ग्रीस द्या" म्हटलं, की बऱ्याचदा हातात येतो चेसिस ग्रीसचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या सांध्यांना लावायच्या ग्रीसचा डबा, कारण तो स्वस्त पडतो. दिसायला ही आणि चाकाची बेअरिंग ग्रीस सारखीच, बोटाला लावली तरी सारखीच. रंगावरून ओळखू म्हणाल तर तेही जमत नाही. पिवळा, लाल, निळा हा बहुधा कंपनीने घातलेला रंग असतो, त्याचा गुणाशी संबंध नाही.

फरक आहे तो साबणात. ग्रीस म्हणजे साबणाने धरून ठेवलेलं तेल. स्वस्त चेसिस ग्रीसमध्ये हा साबण सहसा कॅल्शियमचा असतो, बेअरिंग ग्रीसमध्ये बहुतेक वेळा लिथियमचा. साध्या कॅल्शियम ग्रीसची घडण तिच्यातल्या थोड्याशा पाण्यावर टिकलेली असते. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर ती फार वेळ राहिली की हे पाणी उडू लागतं, मग तेल एकीकडे आणि साबण दुसरीकडे. १०० अंशांच्या आसपास ती पातळ होऊन ठिबकायलाच लागते. लिथियम ग्रीस ठिबकते ती १८० अंशांच्या पुढे, आणि १२० अंशांपर्यंत ती सलग काम करू शकते. लिथियम ग्रीसचं पेटंट १९४२चं. त्याआधी चाकांसाठी सोडियमची ग्रीस चालायची. ती उष्णतेला टिके, पण पाणी लागलं की दुधाळ होऊन वाहून जाई.

म्हणून चेसिस ग्रीस वाईट, असं मात्र नाही. पाण्यापुढे ती चांगली टिकते. पाट्यांच्या पिना, शॅकल (पाटे सांगाड्याला जोडणारी कडी), चारचाकी ट्रॉलीचं टर्नटेबल (पुढची चाकं वळवणारी चकती), हूक या जागा उघड्या असतात, चिखलात बुडतात, पण तापत नाहीत. तिथे निपलला (ग्रीस भरायच्या छोट्या तोटीला) ग्रीस गन लावायची आणि जुनी काळी ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत दाबत राहायचं. बाहेर येणारी ग्रीस आतली मातीही घेऊन येते. म्हणजे इथे ग्रीस वाहून जाण्यासाठीच भरायची. अशा ठिकाणी महागडी लिथियम ग्रीस वापरणं मला तरी उधळपट्टी वाटते.

चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, नेमकं उलटं. मागे ऑइल सील, पुढे टोपी, मधे दोन टेपर, म्हणजे निमुळत्या रोलरची, बेअरिंग. एकदा भरलेली ग्रीस पुन्हा चाक खोलेपर्यंत तिथेच राहून काम करणार. उसाचं ओझं, तापलेला रस्ता आणि ब्रेक असतील तर ड्रमची उष्णता, हे सगळं हबपर्यंत पोचतं. चेसिस ग्रीस इथे पहिल्या काही फेऱ्या निभावून नेते, म्हणूनच फसगत होते. पुढे तिचं तेल सीलमधून पाझरतं, रोलरमध्ये कोरडा साबण उरतो आणि घरघर सुरू होते.

डब्यावर शब्द शोधायचा तो "लिथियम" किंवा "व्हील बेअरिंग". नुसत्या आकड्यावर जाऊ नका. २ किंवा ३ हा आकडा फक्त घट्टपणा सांगतो, उष्णता किती सोसेल हे नाही. २ नंबरची चेसिस ग्रीस असते आणि २ नंबरची लिथियमही.

जुन्या ग्रीसवर नवी थापू नये. आधी काय भरलं होतं ते कळत नाही, आणि साबण वेगळे असतील तर मिश्रण पातळ पडू शकतं. बेअरिंग डिझेलने किंवा रॉकेलने स्वच्छ धुवा आणि पूर्ण सुकवा. ओलं राहिलं तर तेच नव्या ग्रीसला पातळ करतं. कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग गरागरा फिरवायची हौस मात्र टाळा, रोलर सुटून लागू शकतो. निळसर झालेला किंवा खड्डे पडलेला रोलर दिसला तर बाहेरच्या कपासकट (रोलर ज्यावर फिरतात त्या कड्यासकट) पूर्ण बेअरिंग बदला.

भरायची पद्धतही निराळी. गनने हब गच्च भरला म्हणजे रोलरपर्यंत ग्रीस पोचली असं होत नाही. तळहातावर गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहायची, वरच्या बाजूने रोलरमधून ग्रीस डोकावेपर्यंत. हबची पोकळी तिसरा हिस्सा ते निम्मी भरली की पुरे. जास्त भरली तर ती घुसळून तापते आणि सील ढकलून बाहेर येते. सील दर वेळी नवीनच टाका, ते काही फार महाग नसतं.

बैलाच्या टायरगाडीचं गणित थोडं सैल आहे. तिथे वेग बैलाच्या चालीचा, ब्रेकची उष्णता जवळजवळ नाही, त्यामुळे चेसिस ग्रीसवरही वर्ष निघतं. मात्र तोच अनुभव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लावला जातो, आणि गल्लत होते ती इथे.

शेवटी बेअरिंग जागेवर धरणारा एक्सलवरचा नट. चाक फिरवत फिरवत आवळायचा, मग थोडा मागे घ्यायचा, अगदी जाणवेल न जाणवेल इतकीच ढिलाई ठेवून नवीन स्प्लिट पिन घालायची. जॅकवर चाक वर-खाली धरून हलवलं तर खडखडता कामा नये, आणि हाताने फिरवलं तर अडखळता कामा नये. पहिली भरलेली खेप टाकून आल्यावर चारही हबजवळ हात नेऊन पाहा. बाकीचे कोमट आणि एकच चटका देत असेल, तर तो त्याच दिवशी खोला.