शाकाहार आणि घरखर्च: एका जुन्या हिशोबाची पार्श्वभूमी

शाकाहाराचा विषय निघाला की बोलणं धर्म, दया नाहीतर आरोग्याकडे वळतं. पैशाचं नाव सहसा कोणी काढत नाही. त्यात थोडा कमीपणा वाटत असावा. पण मांस सोडलं की घरखर्च वाचतो, हा मुद्दा जुना आहे. इंग्लंडमध्ये रॅम्सगेटला पहिली व्हेजिटेरियन सोसायटी निघाली १८४७ साली. त्याच्या सव्वाशे वर्षं आधीच बोस्टनमधल्या एका छापखान्यात सोळा वर्षांच्या पोराने हा हिशोब मांडला होता.

तो पोरगा म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. थॉमस ट्रायन या इंग्रज लेखकाचं शाकाहारावरचं पुस्तक त्याच्या हाती पडलं. भात शिजवणं, बटाटे उकडणं तो शिकला आणि थोरल्या भावाला म्हणाला, माझ्या जेवणावर खर्च करतोस त्याच्या निम्मेच पैसे मला दे, माझं मी बघतो. मालकही भाऊच, त्याने लगेच हो म्हटलं. त्या निम्म्यातलेही निम्मे फ्रँकलिनने वाचवले आणि पुस्तकं घेतली. बाकीचे जेवायला बाहेर गेले की हा पावाचा तुकडा, मूठभर मनुका आणि पेलाभर पाणी यावर भागवून वाचत बसायचा. पुढे एका बोटीवर तळलेल्या कॉड माशाच्या वासाने त्याचं व्रत मोडलं, तेही त्याने आत्मचरित्रात हसत हसत लिहून ठेवलंय. लंडनमध्ये शिकत असताना गांधीजींनीही असाच पै-पैचा हिशोब ठेवला: सकाळी घरी ओटची लापशी आणि कोको, दुपारी बाहेर जेवण, रात्री पुन्हा पाव आणि कोको.

पण ही दोन्ही माणसं फक्त स्वतःपुरतं बघत होती. संसारी घरात प्रश्न निराळा असतो: पोरांच्या अंगात ताकद येईल का? या भीतीमागे एक मोठं नाव आहे. स्नायूंचं इंधन म्हणजे प्रथिनंच, असं जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४०च्या दशकात ठासून सांगितलं. म्हणजे कष्टकऱ्याला मांस हवंच. हे तपासायला १८६५ मध्ये फिक आणि व्हिसलिसेनुस हे दोन शास्त्रज्ञ स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न डोंगर चढले. पोटात फक्त पिठूळ स्टार्च आणि चरबीच्या वड्या, साखर घातलेला चहा. प्रथिनं जवळपास शून्य. प्रथिन जळलं की त्यातला नायट्रोजन लघवीतून बाहेर पडतो, म्हणून लघवी जपून गोळा केली, तीतला नायट्रोजन मोजला. शरीरात जेवढं प्रथिन जळलं, तेवढ्यावर ती चढण होणं शक्यच नव्हतं. तरी जनमानसातलं समीकरण काही हललं नाही. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल फॉन फॉइट यांचा दिवसाला ११८ ग्रॅम प्रथिनांचा आकडा पुढे बरीच वर्षं प्रमाण मानला गेला. येल विद्यापीठाच्या रसेल चिटेंडन यांनी १९०४ मध्ये त्याच्या निम्म्यावरही माणसं ठणठणीत राहतात हे दाखवलं. आजचं आंतरराष्ट्रीय प्रमाण किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. मोठ्यांचं तेवढं डाळी-कडधान्यं आणि धान्य पोटभर खाल्लं की सहज भरून निघतं.

मांस महाग का, हे मात्र पहिल्या महायुद्धाने नीट दाखवलं. १९१७ मध्ये डेन्मार्कची नाकेबंदी झाली, बाहेरचं धान्य थांबलं. मिकेल हिंधेडे या डॅनिश डॉक्टरांच्या सल्ल्याने तिथे डुकरं कमी केली गेली आणि त्यांच्या खाद्यातलं धान्य व बटाटे थेट माणसांच्या ताटात आले. जनावराने खाल्लेल्या दाण्यातला मोठा वाटा त्याच्या जगण्यातच खर्च होतो. तो वाटा गिऱ्हाईक भरतं. अमेरिकन लेखिका फ्रान्सिस मूर लॅपे यांनी १९७१ मध्ये एका पुस्तकातून हाच मुद्दा घरोघरी पोचवला. प्रथिनं पुरी पडायला धान्य आणि डाळ एकाच वेळी मोजून-मापून जुळवायला हवी, असंही त्यांनी तेव्हा लिहिलं होतं. १९८१च्या आवृत्तीत हा आग्रह त्यांनी स्वतःच सोडला, हे विशेष.

आता मेख. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दीडशे देशांचे अन्नाचे भाव तपासले. श्रीमंत देशांत मांस पूर्ण वगळलं तर खर्च एक तृतीयांशापर्यंत कमी होऊ शकतो असं दिसलं. गरीब देशांत तसं नाही. तिथलं रोजचं ताट आधीच मुख्यतः धान्याचं, त्यात फळं-भाज्या वाढवल्या की खर्च वाढतोच. शिवाय या हिशोबात बाहेरचं जेवण आणि मांसासारखे लागणारे तयार पदार्थ धरलेलेच नव्हते. बचत होते ती घरी भिजत घातलेल्या कडधान्याने. जे दूध-अंडीही सोडतात त्यांनी यादीत बी-१२ची गोळी धरावी. हे जीवनसत्त्व वेगळं काढता आलं १९४८ साली, त्यामुळे फ्रँकलिनच्या हिशोबात ते नव्हतं.