पक्ष्याच्या पायातला दोरा

संग्रहालयातला खण ओढला की अभ्यासासाठी ठेवलेले पक्षी ओळीने उताणे दिसतात. पोटात कापूस, डोळ्यांच्या जागी कापूस, पाय एकमेकांवर बांधलेले आणि त्यांना एक चिठ्ठी. कुठे मिळाला, कधी, कोणाला, नर की मादी, ते सगळं त्या चिठ्ठीवर.

ती चिठ्ठी कोणत्या दोऱ्याने बांधली तर टिकेल, हा प्रश्न अठराव्या शतकात फारसा नव्हता, कारण पक्षीच टिकत नसत. भुंगेऱ्यांच्या अळ्या काही वर्षांत फडशा पाडत. जो टिके तो लाकडी बैठकीवर उभा असे आणि नोंद बैठकीवर लिहिलेली. बैठक बदलली की नोंद गेली. फ्रान्समधल्या मेट्झच्या बेकर या औषधं बनवणाऱ्याचा सोमलयुक्त, म्हणजे आर्सेनिकचं विष घातलेला, साबण एकोणिसाव्या शतकात सर्वांना माहीत झाला, कातडी पिढ्यान्‌पिढ्या राहू लागली, आणि चिठ्ठीलाही तितकंच टिकणं भाग पडलं. नोंद नसली की काय होतं हे डार्विनलाही चुकलं नाही. १८३५ साली गालापागोस बेटांवर मिळवलेल्या फिंच या लहान पक्ष्यांपैकी कुठला कोणत्या बेटावरचा, हे त्याने नीट टिपलं नव्हतं. पुढे जहाजावरच्या इतरांच्या संग्रहांवरून त्याला ते जुळवावं लागलं.

दोरा मात्र कोणी मुद्दाम निवडत नसे. पोट शिवायला घेतलेला सुती दोराच पायाला. सुताला भुंगेरे सहसा तोंड लावत नाहीत, त्याला मारते चरबी. बदकं, समुद्रपक्षी यांच्या हाडांतून ती वर्षानुवर्षं झिरपते, हवेने आंबट होते. दोरा तपकिरी पडतो आणि बोट लागताच तुटतो. रेशीम तर प्रथिनच, म्हणजे पिसांसोबत अळ्यांना आणखी एक घास. लिननचे धागे लांब आणि चिवट, पण आम्लापुढे तेही शेवटी सुताचेच भाऊ.

१९३८ साली नायलॉन जाहीर झालं, १९४१ साली ब्रिटनमध्ये पॉलिएस्टरचा धागा निघाला. चरबीचा प्रश्न बराचसा सुटला. नवा आला तो ताकदीचा. एकसंध गुळगुळीत तार गाठ धरत नाही, आणि धरलीच तर ओढ बसल्यावर चिठ्ठीचं भोक फाडते किंवा वाळका पाय कापते. पायापेक्षा मजबूत दोरा काय कामाचा? मला विचाराल तर आखूड तंतूंचा, पीळ दिलेला, बिनरंगी पॉलिएस्टरचा दोरा बरा. रंगीत नकोच, मद्यार्कातल्या नमुन्याला बांधला तर रंग उतरतो.

बांधण्याची रीतही अनुभवातून ठरली. चिठ्ठीला दोन भोकं. दोरा दोन्हींतून ओवून कागदालगत पहिली गाठ, म्हणजे चिठ्ठी गरगरत नाही. मग थोडं अंतर सोडून पायांभोवती निरगाठ. दोरा फार लांब ठेवला तर शेजारच्या पक्ष्याच्या नखांत अडकतो, आणि एक उचलताना दोन येतात.

दोरा बदलला तरी जुनी चिठ्ठी काढत नाहीत, नवी तिच्याशेजारी बांधतात. त्यामुळे काही पक्ष्यांच्या पायांत तीन-तीन चिठ्ठ्या असतात, प्रत्येकीचा दोरा वेगळ्या काळातला.