न्यूट्रॉन ताऱ्याची घनता: एका चुकलेल्या आकड्याची पार्श्वभूमी

न्यूट्रॉन तारा म्हणजे मोठ्या ताऱ्याचा गाभा कोसळून उरणारा अतिघन गोळा. तो जास्तीत जास्त किती जड असू शकतो, याचं गणित भौतिकशास्त्रज्ञ ओपेनहायमर आणि व्होल्कॉफ यांनी १९३९ साली मांडलं. उत्तर आलं सूर्याच्या सुमारे ०.७ पट. आकडा बराच कमी निघाला होता. पण तो का चुकला हे कळलं, की या ताऱ्यांचं बरंचसं भौतिकशास्त्र उलगडतं.

त्याआधी १९३० साली इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर तरुण चंद्रशेखर श्वेत बटू ताऱ्यांचा, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांचा, हिशेब करत होते. अशा ताऱ्यातलं एक घन सेंटिमीटर द्रव्य साधारण टनभर भरतं. त्याला तोलून धरतो इलेक्ट्रॉनांचा दाब, कारण दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. पण सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानापुढे हा दाबही अपुरा पडतो. १९३२ मध्ये चॅडविक यांना न्यूट्रॉन सापडला आणि पुढच्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ बाडे व झ्विकी यांनी सुचवलं, की सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा प्रचंड स्फोट, हे साध्या ताऱ्याचं न्यूट्रॉन ताऱ्यात होणारं रूपांतर. हाती निरीक्षणाचा पुरावा नसताना केलेली ही झेप आजही थक्क करते.

ताऱ्याचा गाभा कोसळताना इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन मिळून न्यूट्रॉन बनतात. अणूतली मोकळी जागा उरतच नाही. अणुकेंद्रकाची घनता घन सेंटिमीटरला सुमारे २८ कोटी टन. ताऱ्याच्या अगदी आत ती याच्याही कित्येक पट असते.

१९३९ च्या गणितात न्यूट्रॉन एकमेकांवर कुठलंही बल लावत नाहीत, असं धरलं होतं. प्रत्यक्षात ते फार जवळ आले की केंद्रकीय बल त्यांना जोराने दूर ढकलतं, आणि तारा मुख्यतः त्यावर उभा राहतो. 'न्यूट्रॉन एका अवस्थेत मावत नाहीत म्हणून तारा टिकतो' हे नेहमी वाचायला मिळणारं स्पष्टीकरण म्हणूनच अर्धवट आहे. तरीही मर्यादा उरतेच. सापेक्षतेनुसार दाबसुद्धा गुरुत्वाकर्षणात भर घालतो. सावरणारा दाबच एका टप्प्यानंतर ताऱ्याला खाली खेचू लागतो.

१९६७ मध्ये जोसेलिन बेल यांना दर १.३३७ सेकंदांनी येणारे रेडिओ स्पंद दिसले. पुढच्या वर्षी खेकडा तेजोमेघात सेकंदाला ३० गिरक्या घेणारा पल्सार, म्हणजे असे नियमित स्पंद पाठवणारा तारा, सापडला. इतक्या वेगात श्वेत बटू फाटून विखुरला असता, त्यामुळे हे स्पंद न्यूट्रॉन ताऱ्यांचेच आहेत का, ही शंका मिटली. १९७४ मध्ये सापडलेल्या जोडताऱ्यातल्या पल्सारचं वस्तुमान पुढे १.४४ सूर्य इतकं भरलं, म्हणजे जुन्या मर्यादेच्या दुप्पट. २०१० मध्ये १.९७ चा तारा मोजला गेला आणि मऊ, सहज दबणाऱ्या गाभ्याची अनेक प्रारूपं बाद झाली.

आता आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरची नायसर दुर्बीण अशा ताऱ्यांची त्रिज्या मोजते. ती साधारण १२ ते १३ किलोमीटर येते. गाभ्यात न्यूट्रॉनच आहेत की ते विरघळून क्वार्क (न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते कण) मोकळे झालेत, याचा शोध याच आकड्यांमधून चालू आहे.