हायब्रिड मोटारीच्या इंजिनाचे हिवाळ्यातील तापमान

हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या मोटारीत इंजिन चालता चालता बंद होते आणि त्याच वेळात इंधन वाचते. कडाक्याच्या थंडीत ही बचत घटते. कूलंट (इंजिनाची उष्णता वाहून नेणारे द्रव) पुरेसे तापलेले नसेल, तर गाडी सिग्नलला उभी असली तरी संगणक इंजिन बंद करत नाही. बंद केलेच, तर निवू लागलेले इंजिन केबिनच्या हीटरसाठी पुन्हा सुरू होते.

कूलंटची रेडिएटरकडे जाणारी वाट उघडणारी झडप, म्हणजे थर्मोस्टॅट, साधारण ८२ अंश सेल्सिअसला उघडू लागतो. त्याआधी कूलंट ते निववणाऱ्या रेडिएटरकडे जवळजवळ जातच नाही. तरीही गाडीच्या समोरची जाळी (ग्रिल) झाकल्याने फरक पडतो, कारण आत शिरणारा वारा थेट इंजिनाच्या अंगावरची उष्णता ओढून नेतो. पाइपांवर चढवतात त्या फोमच्या नळ्या उभ्या चिरून जाळीच्या पट्ट्यांवर बसवतात. सुरुवात अर्ध्या जाळीपासून करावी. बॅटरीची वीज मोटरसाठी बदलणाऱ्या इन्व्हर्टरचे कूलंट वेगळ्या फेऱ्यात फिरते. त्याच्या रेडिएटरसमोरचा भाग मोकळाच हवा. जाळीमागे आपोआप उघडझाप करणाऱ्या झडपा असतील, तर फोमच्या वाटेला जाऊ नये.

बऱ्याच हायब्रिडमध्ये तापमानाचा काटा नसतो, नुसता दिवा असतो, आणि तो पेटेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातील माहिती दाखवणारे उपकरण) लावून कूलंटच्या तापमानाचा आकडा पाहावा. ८५ ते ९० अंश ठीक. ९५ च्या पुढे चढू लागला की फोम कमी करावा. एसी आणि काचेवरचे धुके घालवणारी सोय बंद असताना थंडीतही रेडिएटरचा पंखा फिरत असेल, तर जाळी जास्त झाकली गेली आहे. लांब चढ किंवा जड ओझे असल्यास फोम आधीच काढावा.

कंपन्यांनीही उपाय केले. दुसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसमध्ये, उत्तर अमेरिकेतील गाड्यांत, सुमारे ३ लिटर गरम कूलंट थर्मासासारख्या टाकीत साठवले जाई. २००९ च्या तिसऱ्या पिढीत ती टाकी गेली आणि एक्झॉस्टची उष्णता कूलंटला देणारी यंत्रणा आली. उभ्या गाडीचे इंजिन तापवणारा विजेवरचा ब्लॉक हीटर निघण्यापूर्वी दोन-तीन तास पुरतो. रात्रभर लावणे म्हणजे वीज वाया घालवणे.

जाळी न झाकता, बराच वेळ चालवूनही कूलंट ७० अंशांच्या वर जात नसेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकल्याची शंका घ्यावी. रीडरवर बहुधा पी०१२८ हा बिघाडाचा कोड दिसतो. अशा वेळी फोम लावल्यास आकडा सुधारतो, बिघाड मात्र झाकला जातो. थर्मोस्टॅट बदलावा.