नवी मुंबईत सोसायटीची नवी नळजोडणी: अर्ज, कागदपत्रं आणि पाणी उलटं फिरू नये म्हणून करायची व्यवस्था

मोरबे धरणाचं पाणी शुद्ध होऊन, क्लोरीन घालून सोसायटीच्या फाटकापर्यंत येतं. मुख्य लाइन फुटली, पुरवठा बंद झाला किंवा शेजारच्या इमारतीने लाइनवर थेट मोटर लावली, की पाइपातला दाब उतरतो आणि पाइप उलटं पाणी ओढू लागतो. त्याचं तोंड ज्या पाण्यात बुडालेलं असेल, ते पाणी लाइनमध्ये जातं आणि पुढच्या पाळीला आजूबाजूच्या घरांत पोचतं. हे टाळायची व्यवस्था अर्जासोबतच्या नकाशातच दाखवा. जोडणी झाल्यावर टाकी फोडून काम करून घेणं फार महागात पडतं.

अर्ज मिळकतीच्या मालकाला किंवा नोंदणीकृत गृहनिर्माण संस्थेला करता येतो. भाडेकरूने मालकाचं संमतीपत्र जोडावं. मालमत्ता कराची चालू पावती, मालकीचा कागद, भोगवटा प्रमाणपत्र, ओळखपत्र, संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र व ठराव, आणि परवानाधारक प्लंबरच्या सहीचा नकाशा एवढी तयारी ठेवा. घरगुती, व्यावसायिक आणि बांधकामाच्या जोडणीची यादी सारखी नसते. म्हणून वाशी, नेरुळ, ऐरोली, जे आपलं विभाग कार्यालय असेल तिथून यादी आधी मागून घ्या. पाण्याची किंवा कराची थकबाकी असेल तर ती आधी भरा. नाहीतर अर्ज तिथेच अडतो.

अर्जानंतर स्थळपाहणी होते, मग शुल्क व अनामतीचं मागणीपत्र मिळतं. रस्ता खोदायचा असेल तर त्याची परवानगी वेगळी लागते. पोच घ्यायला विसरू नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अपील करायची वेळ आली तर तीच उपयोगी पडते.

आता नकाशा. इथेच सर्वात जास्त चुका होतात.

फेरूलपासून (मुख्य लाइनला आपला पाइप जिथे जोडतात तो तुकडा) क्रम असा ठेवा: स्टॉपकॉक (पाणी बंद करायची चावी), मीटर, तपासणीचा छोटा नळ, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप), आणि शेवटी जमिनीखालची टाकी. व्हॉल्व्हवरचा बाण टाकीच्या दिशेने हवा आणि दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारे सांधे) हवेत, म्हणजे तो खोलून साफ करता येतो. झडपेत वाळूचा एक कण अडकला तरी ती पूर्ण मिटत नाही. तपासायचं असेल तर स्टॉपकॉक बंद करून छोटा नळ उघडा. मीटरपर्यंतचं थोडं पाणी ओघळून धार थांबली तर ठीक. चालूच राहिली, तर स्टॉपकॉक घट्ट बंद आहे ना ते आधी पाहा. तो बंद असूनही धार थांबत नसेल तर पाणी टाकीच्या बाजूने उलटं येतंय.

व्हॉल्व्ह कधी ना कधी दगा देतो, म्हणून खरा भरवसा हवेच्या अंतरावर ठेवायचा. टाकीत पाणी पडणाऱ्या पाइपाचं तोंड, पाणी जास्तीत जास्त ज्या पातळीपर्यंत चढू शकतं तिच्या वर, पाइपाच्या व्यासाच्या किमान दुप्पट उंचीवर हवं. 25 मिमी पाइपाला 50 मिमी. पाणी पडण्याचा आवाज नको म्हणून फ्लोट व्हॉल्व्हला (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या झडपेला) पाइपाचा तुकडा जोडून तोंड पाण्यात बुडवलेलं अनेक टाक्यांत दिसतं. त्या एका तुकड्याने सगळी व्यवस्था वाया जाते.

ओव्हरफ्लो पाइप थेट गटारात सोडू नका. पावसाळ्यात गटार तुंबलं की तोच पाइप घाण आत आणतो. त्याच्या तोंडाला जाळी हवी आणि टाकीचं झाकण अंगणापेक्षा वीतभर उंच हवं. बोअरवेलची लाइन महापालिकेच्या लाइनला मधे व्हॉल्व्ह टाकूनही जोडू नका. व्हॉल्व्ह झिरपतोच. फ्लशसाठी बोअरचं पाणी वापरायचं तर गच्चीवर टाकी आणि पाइप दोन्ही वेगळे ठेवा. मुख्य लाइनवर थेट मोटर लावणं तर नियमबाह्य आहेच, शिवाय फटीफटीतून घाण ओढणारं आहे.

जोडणी सुरू झाल्यावर टाकी धुऊन, भरून, लिटरमागे 50 मिलिग्रॅम क्लोरीनने किमान तीन तास निर्जंतुक करा. 10,000 लिटरला 30 टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर सुमारे 1.7 किलो लागते. बादलीत कालवून निवळी तेवढी ओता, गाळ टाकून द्या. नंतर ते पाणी पूर्ण सोडून टाकी पुन्हा भरा. शेवटच्या मजल्यावरच्या नळाच्या पाण्यात ओटी (ऑर्थोटोलिडिन, क्लोरीन तपासायचं रसायन) द्रावणाचे थेंब टाकल्यावर पिवळी छटा यायला हवी. भारतीय मानक 10500 नुसार तिथे लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं. छटा आलीच नाही, तर प्रयोगशाळेत नमुना द्या आणि अहवाल येईपर्यंत पाणी उकळून प्या.